पाव, अर्धा, पाऊण... आणि चिमूटभर मीठ

दहावीनंतर गणिताला कायमचा टाटा केला, असं वाटत होतं. पण किचनमधल्या चमच्यांनी पुन्हा परीक्षेला बसवलं. आणि या वेळी पेपर कठीण होता...

खरं सांगू? मी मास कम्युनिकेशन घेतलं, त्याची अधिकृत कारणं दोन होती. लिहायची आवड आणि लोकांशी गप्पा मारायची आवड. तिसरं कारण मी ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूत कुणाला सांगितलं नव्हतं. त्या कोर्सला गणित नव्हतं!

त्यातही माझं वैर होतं ते अपूर्णांकांशी. बेरीज-वजाबाकी ठीक, टक्केवारी एक वेळ चालेल (सेलमुळे सवय आहे), पण वर एक आकडा, मध्ये रेघ, खाली दुसरा आकडा दिसला की माझं डोकं हँग. पाचवीपासून ही परिस्थिती. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांचं असंच असणार, पैज लावते. अर्ध्या म्हणजे नक्की किती, ते मात्र विचारू नका.

दोन वर्षांपूर्वीचा एक किस्सा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून फिरतो. माझी रूममेट ऑनसाइटला निघाली होती. फेअरवेलला घरीच केक करायचा, असं मी जाहीर करून टाकलं. रेसिपीत साखर होती पाऊण कप. मापांच्या सेटमधले दोन लहान कप दिसायला जुळे भाऊ. मी पाव समजून उचलला, निघाला एक तृतीयांश. साखर बाउलमध्ये गेल्यावर लक्षात आलं. आता आणखी किती घालायची?

कागद घेतला. तीन चतुर्थांशातून एक तृतीयांश वजा. वरचे वजा केले, तीनातून एक गेला, दोन. खालचे वजा केले, चारातून तीन गेले, एक. उत्तर दोन छेद एक. म्हणजे दोन कप!

मुळात साखरच पाऊण कप, त्यातली थोडी घालून झालेली, आणि उरली दोन कप! हे आपल्या सॅलरी अकाउंटमध्ये झालं असतं तर किती बरं झालं असतं. पण तेव्हा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी एक कप ओतलासुद्धा. रूममेट किंचाळत आली, तोपर्यंत उशीर झाला होता. फेअरवेलचा केक कोपऱ्यावरच्या बेकरीतून आला. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. विषय संपला.

संपला नव्हता.

पाच ग्रॅमचं बजेट

मागच्या वर्षी दिवाळीनंतर ताईच्या बाळंतपणासाठी आई बंगळूरला गेली. तीन महिन्यांसाठी. बाबा कराडला एकटे. "मी काय लहान आहे का? मेस लावतो," म्हणाले. लावली. दीड महिन्यात एका सकाळी चक्कर येऊन अंगणात बसले. शेजारच्यांनी डॉक्टरकडे नेलं. बीपी १७०-१००. चार दिवसांनी बाबा आणि त्यांची सुटकेस माझ्या कोथरूडच्या वन बीएचकेत हजर.

इथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं आणि शेवटी मला म्हणाले, "मिठाकडे लक्ष ठेवा. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. सगळं मिळून." जागतिक आरोग्य संघटनेचाही मोठ्या माणसांसाठी हाच सल्ला आहे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ.

पाच ग्रॅम म्हणजे किती हो? सेटमधला लहान चमचा, तो पाच मिलीलिटरचा असतो, बारीक मिठाने सपाट भरला तर साधारण सहा ग्रॅम मीठ बसतं. म्हणजे बाबांच्या वाट्याला पूर्ण चमचाही नाही. सहातले पाच भाग. पाच षष्ठांश चमचा. आला का अपूर्णांक!

आता दिवसाचा हिशेब. सकाळी पोहे किंवा उपमा आमच्या दोघांचा, त्यात अर्धा चमचा मीठ. बाबांचा वाटा पाव चमचा. दुपारी आमच्या पोळ्यांच्या मावशी आमटी-भाजी करतात आणि आमच्याबरोबरच जेवतात. त्यात एक चमचा मीठ, खाणारी माणसं तीन. बाबांचा वाटा एक तृतीयांश. मग रात्रीच्या खिचडीसाठी बाबांचं किती मीठ उरलं?

पहिल्या दिवशी मी पुन्हा कागद घेऊन बसले. पाच षष्ठांशातून एक चतुर्थांश गेला, त्यातून एक तृतीयांश गेला. वरचे वरच्यातून, खालचे खालच्यातून. वर राहिले तीन. खाली सहातून चार गेले दोन, दोनातून तीन... उणे एक. उत्तर उणे तीन चमचे!

म्हणजे बाबांच्या अंगातूनच तीन चमचे मीठ काढून खिचडीत घालायचं होतं बहुतेक. केकच्या वेळी हसले होते. या वेळी हसू आलं नाही. त्या रात्री खिचडीत मीठच घातलं नाही. बाबांनी दोन घास खाल्ले, पाणी प्यायले आणि "भूक नाही गं" म्हणून उठले. मी ओट्यापाशी उभी. मीठ जास्त झालं तर बीपी, कमी झालं तर माणूस उपाशी. पाचवीत चुकलेल्या गणिताचे मार्क कापले जायचे, इथे काय कापलं जाणार होतं?

एक गोष्ट सांगायची राहिली. बाबा पतपेढीत कॅशियर होते. तीस वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. आणि पाचवीत असताना मला अपूर्णांक शिकवायला तेच बसायचे, रात्री ड्युटीवरून दमून आल्यावर. तिसऱ्या गणितापर्यंत त्यांचा आवाज चढायचा. "एवढं साधं येत नाही?" हे वाक्य मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं. म्हणून तो कागद त्यांना दाखवायची माझी हिंमत झाली नाही. अठ्ठावीस वर्षांची घोडी मी, तरी कागद चुरगाळून डस्टबिनमध्ये टाकला.

मावशींची डबी

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. त्यांना सगळं सांगितलं. मावशी चार घरी स्वयंपाक करतात, शाळेत दुसरीपर्यंत गेल्यात. त्यांनी पीठ मळता मळता विचारलं, "ताई, दिवसाचं सगळं मिळून किती म्हणता?"

मी म्हटलं, "सकाळी अर्धा, दुपारी एक, रात्री जास्तीत जास्त अर्धा बसला तर..."

"म्हणजे दोन चमचे. मग सकाळी उठल्यावर दोन चमचे एका डबीत काढून ठिवायचं. बरणी वरच्या फळीवर. दिवसभर जे काय घालायचं ते ह्या डबीतलं. संपलं की संपलं."

बस्स. एवढंच. केशर ठेवायची छोटी डबी होती माझ्याकडे, ती मिठाची झाली. सकाळी दोन चमचे, सपाट, सुरीच्या पाठीने वरचं निपटून. पोह्यांत अर्धा गेला की डबीत दीड. दुपारी एक गेला की अर्धा. रात्री अर्धा खिचडीत, डबी रिकामी. वजाबाकी कागदावर करायचीच नाही, ती डबीत दिसते.

गंमत बघा. मी आधी तिघांत वाटे करत बसले होते आणि मग ते विचित्र तुकडे एकमेकांतून वजा करायला गेले. मावशींनी आधी वजाबाकी केली, वाटे नंतर ताटात आपोआप झाले. दोनातून अर्धा, दिडातून एक, हे कुणालाही जमतं. काम तेच, फक्त क्रम बदलला.

नंतर वाचताना मला मावशींचा एक अमेरिकन भाऊ सापडला. जीन लेव्ह नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाई आहेत. माणसं रोजच्या जगण्यात गणित कसं करतात, यावर त्यांचं १९८८चं पुस्तक आहे. त्यात वजन कमी करण्याच्या कोर्समधला एक माणूस भेटतो. त्याला सांगितलेलं, चीजचा जो दोन तृतीयांश कप ठरलाय, त्याचा पाऊण भागच खा. पठ्ठ्याने गुणाकार केला नाही. दोन तृतीयांश कप चीज पाटावर उलटं केलं, थापून गोल केलं, बोटाने अधिकचं चिन्ह काढलं, चारातला एक भाग बाजूला सारला आणि उरलेलं घेतलं. गणित करून बघितलंत तर उत्तर येतं बरोब्बर अर्धा कप. पण त्याला ते करायची गरजच पडली नाही. थालीपीठ थापणाऱ्या कुठल्याही बाईला त्याची पद्धत लगेच कळेल!

नोटा सुट्ट्या कर

डबीचा प्लॅन मस्त चालला. पाच दिवस. सहाव्या दिवशी बाबांचा शर्ट धुवायला टाकताना खिशात खाऱ्या शेंगदाण्यांची रिकामी पुडी सापडली.

"बाबा, हे काय?"

"अगं, बागेत सगळे घेतात. चार दाणे."

"हे मी कशातून वजा करू? डबी तर रिकामी आहे!" माझा आवाज चढला. अगदी त्यांच्यासारखा. आम्ही दोघंही गप्प झालो. बहुतेक दोघांनाही ते जाणवलं.

रात्री बाबांनी स्वतःहून वही काढली. कॅशियरचं अक्षर, सरळ रकाने. "ये, बस. तू कुठे अडतेस ते दाखव." मी सगळं सांगितलं, उणे तीन चमच्यांसकट. मला वाटलं, आता येणार ते वाक्य. आलं नाही. उलट बाबा इतके हसले की ठसका लागला.

मग म्हणाले, "हे बघ. काउंटरवर एकजण पाचशेची नोट देतो, दुसरा दोनशेची, तिसरा शंभराची. नोटा किती, तर तीन. पण पैसे किती, हे नोटा मोजून कळतं का? सगळ्यांचे एकाच किमतीचे सुट्टे केले की मग मोजता येतं. अपूर्णांकाचं तेच. खालचा आकडा म्हणजे नोट कुठली आहे ते. वरचा आकडा म्हणजे अशा नोटा किती. खालचे आकडे एकमेकांतून वजा करतात का कधी? शंभराच्या नोटेतून पन्नासची नोट नाही वजा होत, पैसे वजा होतात."

मग आम्ही चमच्याचे सुट्टे केले. सहा, चार आणि तीन, या तिघांनाही चालतील असे तुकडे कुठले? बाराचे. एका चमच्याचे बारा कण धरले, तर बाबांचं दिवसाचं बजेट पाच षष्ठांश म्हणजे दहा कण. सकाळचा पाव चमचा म्हणजे तीन. दुपारचा एक तृतीयांश म्हणजे चार. दहातून तीन गेले सात, सातातून चार गेले तीन. तीन कण म्हणजे बारातले तीन, म्हणजे पाव चमचा! रात्रीच्या खिचडीत दोघांसाठी अर्धा चमचा बसतो, एकदम फिट. मावशींची डबी आणि बाबांची वही, दोघांचं उत्तर एकच.

फक्त एक. त्यात पापड, लोणचं, ब्रेड, फरसाण, सॉस आणि बागेतले खारे दाणे, यांच्यासाठी शून्य कण शिल्लक. बाबांनी वहीत तेही लिहिलं. शेंगदाण्यांच्या पुढे त्यांनी स्वतःच फुली मारली.

वही मिटताना म्हणाले, "पाचवीत असं सांगितलं असतं, तर कळलं असतं का गं तुला?"

"माहीत नाही, बाबा."

आणि खरंच माहीत नाही. पण त्या रात्री मी झोपायच्या आधी उगाच आणखी चार वजाबाक्या करून बघितल्या. सगळ्या बरोबर आल्या. भारी वाटलं!

तिसरा मोठा की चौथा?

एक कबुली. मला सुरुवातीला वाटत होतं की एक तृतीयांश हा पाव चमच्यापेक्षा लहान. का? तर तीनपेक्षा चार मोठा! हसू नका, मी एकटी नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत ए अँड डब्ल्यू या साखळीने मॅकडोनाल्ड्सच्या पाव पौंडाच्या बर्गरला टक्कर द्यायला एक तृतीयांश पौंडाचा बर्गर काढला. मांस जास्त, भाव तेवढाच, आणि तरी चालला नाही. कंपनीचे तेव्हाचे मालक अल्फ्रेड टॉबमन यांनी २००७च्या आपल्या पुस्तकात कारण सांगितलंय. ग्राहकांशी बोलल्यावर कळलं की अनेकांना वाटत होतं, आपल्याला कमी मांस देऊन तेवढेच पैसे घेतायत. तीनपेक्षा चार मोठा ना!

यावर उपाय? भाकरी डोळ्यांसमोर आणा. चौघांत वाटली की प्रत्येकाला चतकोर. एकजण उठून गेला की उरलेल्या तिघांचा वाटा वाढतो. वाटेकरी कमी, वाटा मोठा. खालचा आकडा म्हणजे वाटेकरी. विषय एंड.

पण पाऊण कप मोठा की दोन तृतीयांश? इथे वाटेकऱ्यांची युक्ती चालत नाही, कारण वरचे आकडेही वेगळे. हे कोडं मला सोडवून दिलं माझ्या आजीने. फोनवरून.

आजीचं सॉफ्टवेअर

आजी गावाला काकांकडे असते. पंचाऐंशी पार. शाळा चौथीपर्यंत, पण त्या शाळेत पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेतली जायची. हे सगळे अपूर्णांकांचे पाढे. साडेतीनाचा पाढासुद्धा होता, त्याला औटकी म्हणायचे. आपण तीसपर्यंतचे पाढे म्हणताना रडलो, ही मंडळी साडेतीनाचा पाढा म्हणत होती!

मी आजीला विचारलं, "पाऊण म्हणजे नक्की काय गं?"

"पाऊण म्हणजे पाव कमी. एकात पाव कमी."

आणि माझी ट्यूब पेटली. हा शब्दच वजाबाकी आहे! संस्कृतमधला पादोन, म्हणजे पाद ऊन, पाव भागाने उणा. त्याचं झालं पाऊण. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. उलट सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. आपण घड्याळात "पावणेआठ" म्हणतो, तेव्हा प्रत्येक वेळी आठातून पाव वजा करत असतो, आणि कुणालाही घाम फुटत नाही. मला अपूर्णांक येत नाहीत म्हणणारी मी गेली पंचवीस वर्षं अपूर्णांकांतच बोलत होते.

आता ते कोडं. पाऊण कप म्हणजे पूर्ण कपाला पाव कमी. दोन तृतीयांश म्हणजे पूर्ण कपाला एक तृतीयांश कमी. पाव लहान, तृतीयांश मोठा, हे भाकरीने शिकवलंच आहे. ज्याच्यात कमी उणं, तो मोठा. म्हणून पाऊण मोठा! कागद नको, पेन नको.

आजी म्हणाली, "पण तुमच्या त्या तृतीयांशाला आमच्याकडं मापच नव्हतं." तेही खरंय. जुनी धान्याची मापं आठवून तिने धडाधड सांगितली. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडिशरी, दोन अडिशरी म्हणजे पायली. प्रत्येक पायरीवर दुप्पट, उलटं गेलं की निम्मं. रुपयाचंही तसंच. सोळा आणे, आठ आणे, चार आणे, दोन आणे. सगळं जग अर्ध्याचं अर्धं करत चाललेलं. अशा जगात वजाबाकी सोपी असते, कारण सुट्टे करायला कधी अडचणच येत नाही. पाव म्हणजे दोन अष्टमांश, अर्धा म्हणजे चार.

मग १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि शेर-पायली हळूहळू आजीच्या तोंडातच उरली. रेसिपीत वाटी-चमचा राहिला. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' घरोघरी गेली, तीही याच वाटी-चमच्याच्या मापांवर. आणि आपल्या पिढीत केक-कुकीजच्या नादाने ऑनलाइन ऑर्डर करून तो अमेरिकन सेट आला. एक, अर्धा, एक तृतीयांश, पाव. हा तृतीयांश म्हणजे अर्ध्या-पावाच्या कुटुंबात आलेली नवी सून. वाईट नाही, पण तिच्याशी जमवून घ्यायला सगळ्यांनाच सुट्टे करावे लागतात. बाराचे!

अर्धी मोठी, पाऊण लहान

एक शेवटचा घोळ सांगते, तोही माझाच. आजीने लाडवांचं प्रमाण सांगितलं, "अर्धी वाटी तूप." मी घातलं पाऊण वाटी. पाऊण म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त, थोडं सढळ हाताने. तरी लाडू वळेनात, कोरडे ठणठणीत. आजीची वाटी आठवली आणि उलगडा झाला. तिची वाटी म्हणजे दोनशे मिलीचं जुनं पितळी भांडं. माझी मॉलमधली, जेमतेम सव्वाशे मिलीची. तिची अर्धी म्हणजे शंभर मिली. माझी पाऊण, चौऱ्याण्णवच्या आसपास.

अपूर्णांकांची तुलना करायची तर आख्खं एकच हवं. हे पुस्तकात असतं, पण आपण वाचत नाही. कपांचंही तसंच. अमेरिकन रेसिपीचा कप साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियन २५०चा. राइस कुकरबरोबर येणारा कप बहुतेक वेळा १८० मिलीचा, म्हणजे अमेरिकन कपाच्या बरोब्बर पाऊण. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिली, बाकीच्यांचा १५. म्हणून एका रेसिपीला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वाटी. बदलायची नाही.

चिकटवा फ्रिजवर!

बाबांच्या वहीतून उतरवलेला हा तक्ता. २४० मिलीच्या कपाचे सुट्टे लहान चमच्यांत (पाच मिलीचा, सपाट) केले की सगळे आकडे पूर्ण येतात. मग साधी वजाबाकी.

- एक कप : ४८ लहान चमचे
- पाऊण कप : ३६
- दोन तृतीयांश कप : ३२
- अर्धा कप : २४
- एक तृतीयांश कप : १६
- पाव कप : १२
- एक अष्टमांश कप : ६
- तीन लहान चमचे म्हणजे एक मोठा चमचा

पाऊण आणि दोन तृतीयांश यांतला फरक? छत्तीसातून बत्तीस गेले, चार लहान चमचे. माझ्या केकची उरलेली साखर? छत्तीसातून सोळा गेले, वीस. म्हणजे सहा मोठे आणि दोन लहान चमचे. दोन कप नव्हे!

रेसिपी निम्मी करायचीय आणि पीठ पाऊण कप आहे? छत्तीसाचे निम्मे अठरा, म्हणजे सहा मोठे चमचे.

उत्तर आल्यावर एक सेकंद थांबा. उरलेलं हे मुळापेक्षा जास्त असूच शकत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली असती, तर माझा केक वाचला असता.

आणि मिठाचं बजेट स्वतःच्या मनाने ठरवू नका. डॉक्टरांना विचारा. कमी सोडियमचं मीठसुद्धा, विशेषतः किडनीचा त्रास असेल तर, विचारल्याशिवाय आणू नका.

आज किती उरलं?

सहा आठवड्यांनी बाबांना पुन्हा डॉक्टरकडे नेलं. १३८-८६. गोळ्या आहेत, रोजचं चालणं आहे, सगळं श्रेय मिठाला देता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, "छान. असंच चालू ठेवा." बाबांनी वही पुढे केली. त्यांनी दोन पानं उलटली आणि विचारलं, "हिशेब कुणी ठेवला?"

"रकाने माझे," बाबा म्हणाले, "वजाबाकी हिची."

मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. पाचवीतल्या प्रगतिपुस्तकावर कधीच न मिळालेला शेरा होता तो.

आई परत आली, बाबा कराडला गेले. जाताना केशराची डबी सुटकेसमध्ये गेली. आता तिथे माणसं दोघंच, त्यामुळे डबीत एक चमचा आणि दोन तृतीयांश पडतं. पाच षष्ठांशाची दुप्पट, बघा करून. ते तृतीयांश मोजायला सेटमध्ये चमचाच नाही, म्हणून बाबा दीडच भरतात. "उरलेला एक षष्ठांश बचत खात्यात," म्हणतात. कॅशियर तो कॅशियर.

रोज रात्री साडेनऊला फोन येतो. पूर्वी आम्ही "जेवलीस का?" आणि "हो"च्या पुढे फार जात नव्हतो. आता मी विचारते, "बाबा, आज किती उरलं?"

"पाव," ते म्हणतात. "पण शेजारी लग्नाचा चिवडा आलाय गं..."

"बाबा!"

"बरं बरं. वजा करतो."